गावतलावाभोवती फिरायची वाट: कागदापासून मुरमापर्यंत

तलावाभोवती फिरायला वाट करायची म्हटलं की गावात पहिली चर्चा पेव्हर ब्लॉक लाल बसवायचे की पिवळे, यावर होते. दुसरी, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावर. दोन्ही सध्या बाजूला ठेवा. लहान तलावाभोवतीची चांगली वाट बऱ्याच कमी पैशात होते, कारण ती अर्धीअधिक आधीच असते. गुरांनी पाडलेली, धुणं घेऊन जाणाऱ्या बायांनी पाडलेली, जाळं खांद्यावर टाकून जाणाऱ्या ढिवरांनी पाडलेली. तिचे तुकडे जोडायचे, ती पावसात टिकेल अशी करायची आणि तिच्यामुळे कोणाचं पोट अडणार नाही एवढं पाहायचं, हे आपलं काम.

इथे डोळ्यांसमोर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. मराठवाड्यातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या पाझर तलावालाही यातलं बरंचसं लागू पडेल. महानगरपालिकेच्या हद्दीतल्या तलावाचं प्रकरण मात्र वेगळं, तिथे उद्यान विभागाशीच बोलावं लागतं.

तलावाचा आकार आधी समजून घ्या

कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी हे तलाव बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. लहान गावतलावांची रचनाही तीच. उतारावरून येणारं पाणी अडवायला एका किंवा तीन बाजूंनी मातीची पाळ आणि पाणी येण्याची बाजू मोकळी. पाळीजवळ पाणी खोल असतं. मोकळ्या बाजूला, तलावाच्या पोटात, जमीन इतकी सपाट की पाण्याची कड ऑगस्टमध्ये एका जागी आणि मे महिन्यात शेकडो मीटर आत.

म्हणून पूर्ण गोल फेरी झालीच पाहिजे हा हट्ट पहिल्याच दिवशी सोडा. पोटाच्या बाजूला वाट केली तर पावसाळ्यात ती पाण्याखाली जाते, उन्हाळ्यात तिथे लोकांची गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी असते आणि तळ्यातले पक्षीही तिकडेच असतात. घोड्याच्या नालेसारखी, दोन्ही टोकं मोकळी सोडलेली वाट करा. लोक एका टोकाला जाऊन परत फिरतील. एक किलोमीटरची वाट येता-जाता दोन किलोमीटर होते, सकाळच्या फेरीला तेवढं पुष्कळ.

महिनाभर नुसतं फिरा

मोबाईलमध्ये चालण्याचा रस्ता नोंदवणारं एखादं ॲप सुरू करून तलावाभोवती फिरा. पहाटे, भर दुपारी, दिवेलागणीला. प्रत्येक वेळी तलावावर वेगळी माणसं असतात. पहाटे मासे काढणारे, दहाच्या सुमारास धुणं, दुपारी म्हशी, संध्याकाळी पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. (या पोरांकडे लक्ष ठेवा, पुढे त्यांचा फार उपयोग आहे.)

फिरताना एकटे जाऊ नका. एकदा जुन्या ढिवराबरोबर जा, एकदा गुराख्याबरोबर, एकदा त्या काठावर पन्नास वर्षं धुणं धुतलेल्या आजीबरोबर. तिघांना एकच प्रश्न विचारा: सगळ्यात जास्त पाणी कुठपर्यंत आलं होतं? कोणी मारुतीच्या देवळाची पायरी दाखवेल, कोणी आंब्याच्या खोडावरची खूण. पूररेषा सांगणारा याहून चांगला नकाशा लहान तलावासाठी सहसा मिळत नाही. त्या खुणांवर चुन्याची फक्की टाका आणि फोटो काढून ठेवा. जिथे पाळ नाही तिथे वाट या रेषेच्या वरूनच जाईल.

कागद

कंटाळवाणं काम, पण हे टाळून पुढे गेलेल्यांची वाट दुसऱ्या वर्षी कोणीतरी नांगरून टाकतो.

तलाठ्याकडून तलावाचा आणि त्याला लागून असलेल्या सगळ्या गटांचा सातबारा घ्या, भूमी अभिलेखकडून गावनकाशा घ्या. मालगुजारी, म्हणजे इथली जुनी जमीनदारी, १९५० च्या कायद्याने संपली आणि हे तलाव सरकारकडे आले. आज लहान तलाव बहुधा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतो. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव त्यांच्याकडे, मोठे राज्य सरकारच्या खात्यांकडे. ग्रामपंचायतीचा ठराव हवाच, पण पाळ ज्या खात्याची त्याची लेखी परवानगी त्याहून महत्त्वाची. सरपंच ‘आपलाच तलाव आहे’ म्हणतील. त्यांना प्रेमाने सातबारा दाखवा.

विदर्भात आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, निस्तार पत्रक. गुरांना पाणी, धुणं, माती, गवत, मासे यांवर गावाचे जे जुने हक्क लिहिलेले असतात ते त्यात सापडतात. आपली वाट त्यांतला एकही हक्क अडवत नाही ना, हे त्यावरून ताडता येतं. दुसरी, ‘झुडपी जंगल’ हा शेरा. काठच्या एखाद्या गटावर तो असला तर ती जमीन उजाड माळ दिसली तरी कायद्याने वनजमीन आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. वनविभागाला विचारल्याशिवाय तिथे टिकाव मारू नका. जमल्यास वाटच वळवा, अर्ज करत बसण्यापेक्षा पन्नास मीटरचा वळसा स्वस्त पडतो.

पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे अधिसूचित पाणथळ जागेत सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव या व्याख्येतून वगळले आहेत, त्यामुळे बहुतेक गावतलावांना ही अडचण येणार नाही. तरी काँक्रीट काठापासून लांब ठेवण्याची कल्पना चांगलीच आहे.

कोणाची अडचण होईल?

ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतेच. ठराव तिथे होईल. मात्र खरी बोलणी त्याआधी, घरोघरी.

सर्वांत आधी मच्छीमार संस्था. ढिवरांची संस्था तलावाचा ठेका घेते, बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं सोडते, वर्षभर राखण करते. आता रोज पन्नास माणसं जाळ्यांजवळून जाणार म्हटल्यावर त्यांच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. मासे चोरीला जातील, कोणी गळ टाकून बसेल, वाळत घातलेली जाळी तुडवली जातील. त्यांचा उतारा, म्हणजे डोंगा लावायची आणि जाळी पसरायची जागा, नकाशावर आधी आखा आणि वाट तिच्या मागून न्या. गळाने मासेमारी बंद, ही पाटी त्यांच्या नावाने लावा. तलावात शिंगाडा असेल तर तो वेगळा धंदा आहे, त्या माणसाला वेगळं भेटा.

मग गुरं. गुरांचा पाणवठा जिथे आहे तिथे वाट चिखल होणारच. तेवढा दहा-पंधरा मीटरचा पट्टा दगडी फरशीचा करा आणि दोन्ही बाजूंना उतार ठेवा. पोळ्याच्या दिवशी गावातल्या सगळ्या बैलजोड्या तिथेच धुवायला येतात. त्या दिवशी एका वेळी तीस-चाळीस जनावरं आणि त्यांच्यामागे पोरं. वाटेला कठडा घालून हा उतार अरुंद केला तर पहिल्या पोळ्यालाच कठडा उखडला जाईल, आणि उखडणाऱ्यांचं काही चुकलं असं मला वाटणार नाही.

धुण्याच्या घाटाबाबत बायांनाच विचारा. आंघोळीच्या आणि धुण्याच्या जागेसमोरून पुरुषांनी सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारणं त्यांना नको असतं. बैठकीत मात्र त्या हे बोलत नाहीत. बचतगटाच्या बैठकीला तुमच्या घरातल्या कोणीतरी जाऊन विचारलं तर लगेच कळतं. तिथे वाट पाळीच्या मागच्या अंगाने खाली उतरवली की प्रश्न मिटतो. गणपती आणि देवीचं विसर्जन कुठे होतं, गाळ काढायला ट्रॅक्टर कुठून शिरतात (‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत पुन्हा शिरतील), स्मशानाकडे तिरडी कुठून जाते, हेही नकाशावर येऊ द्या.

पाळ आणि सांडवा: इथे चूक चालत नाही

वाटेचा मोठा भाग पाळीवरून जाणार. ती मातीची भिंत आहे आणि तिच्यामागे पाणी उभं आहे, हे काम करताना सतत डोक्यात असू द्या.

पाळ खणू नका. कडेला दगड लावायला चर नको, दिव्याच्या खांबाला खड्डा नको, बाकाला पाया नको. वर पसरायचं ते पसरा, आत काही घालू नका. पाळीवर नवी झाडं लावू नका. मुळं मातीत शिरतात, झाड मेलं की मुळं कुजून पोकळ नळ्या राहतात आणि पाणी त्यांतून वाट काढतं. जुनी मोठी झाडं आहेत ती मात्र हात न लावता राहू द्या, तोडून मुळं आत कुजवणं त्याहून वाईट. पाळीच्या माथ्याला पाण्याच्या बाजूला अगदी थोडा ढाळ द्या, दीड मीटर रुंदीला तीन-चार सेंटिमीटर. पावसाचं पाणी मागच्या उतारावरून धावलं तर तिथे घळी पडतात.

पाळीच्या मागच्या पायथ्याला भर उन्हाळ्यात ओल दिसली, एका जागी हिरवंगार गवत दिसलं किंवा खेकड्यांची बिळं खूप झाली असतील, तर वाटेचं काम थांबवा आणि शाखा अभियंत्याला लेखी कळवा. गळती असलेल्या पाळीवर शंभर माणसांची वर्दळ वाढवायची नाही.

आता सांडवा. गावात याला वेस्टवेअर म्हणतात, तलाव भरला की जादा पाणी इथून बाहेर पडतं. फिरायच्या वाटेत हा दहा-वीस मीटरचा खड्डा आला की कोणीतरी हमखास सुचवतं, ‘दोन सिमेंटचे पाइप टाका, वरून मुरूम, झाली वाट.’ हे कधीही करू नका. पाइपातून जाणारं पाणी सांडव्याच्या मूळ मापापेक्षा कितीतरी कमी असतं. त्यात बेशरमाच्या झुडपाच्या फांद्या आणि गवत अडकलं की तेही बंद. मग तलाव पाळीवरून वाहू लागतो. मातीची पाळ पाण्याचा दाब वर्षानुवर्षं सहन करते, पण माथ्यावरून वाहणारं पाणी तिला काही तासांत कापून काढतं. ज्या भागात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे ही शक्यता कागदावरची नाही.

सांडव्याशी वाट संपवा, किंवा सांडव्याच्या खालच्या अंगाला उतरून चपट्या दगडांवरून पलीकडे न्या आणि ‘पाणी वाहत असताना ओलांडू नये’ ही पाटी लावा. तुडुमाजवळ, म्हणजे शेतीला पाणी सोडायच्या तोंडाजवळ, आणि गेटजवळ पाणी सोडणाऱ्या माणसाला उभं राहायला जागा ठेवा.

आखणी आणि मुरूम

रुंदी दीड मीटर पुरे, दोन माणसं शेजारून चालतात. व्हीलचेअर जायची असेल तर गावाकडचा एक तुकडा तरी सपाट आणि घट्ट करा. चढ १२ फुटांना एक फुटापेक्षा जास्त नको, २० फुटांना एक असेल तर उत्तम. दोरी, तीस मीटरचा टेप आणि फक्की एवढ्यावर आखणी होते. सरळ रेघेचा मोह नको, जुनी पायवाट जिथे वळते तिथे तिला कारण असतं: खालचा खडक, वरची सावली किंवा पावसात साचणारं पाणी.

आता हिशोब. एक किलोमीटर लांब, दीड मीटर रुंद, दाबून दहा सेंटिमीटर जाड थर म्हणजे १५० घनमीटर मुरूम. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणून हे झाले ५३ ब्रास. सैल मुरूम दाबल्यावर बसतो, तेव्हा ६५ ते ७० ब्रास आणावे लागतील. पंचायतीला हा आकडा ऐकूनच घाम फुटतो. पण सगळीकडे मुरूम कशाला? बरड, मुरमाड जमिनीवर गवत काढून, दगड वेचून, ढाळ दिला की वाट तयार होते. मुरूम लागतो तो कन्हारीत, म्हणजे काळ्या मातीत, आणि पाणी साचणाऱ्या जागी. अशा जागा मोजल्या तर बहुधा एकूण लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यात काम भागतं.

कन्हारीत मुरूम थेट टाकला तर पहिल्या पावसात गायब होतो. ही माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि मुरूम गिळते. तिथे (पाळ सोडून) १५ सेंटिमीटर माती काढा, खाली हाताएवढे दगड बसवा, त्यांच्या फटीत लहान खडी, वरून मुरूम. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून रोलर फिरवा. रोलर नसेल तर भरलेली ट्रॉली ओढत चार-पाच वेळा ट्रॅक्टर फिरवला तरी चालतं, फक्त हे पाळीवर करायचं नाही, तिथे हातधुम्मस.

मुरूम हे गौण खनिज आहे. तहसीलदाराची परवानगी आणि रॉयल्टीची पावती हाताशी ठेवा. आणि मुरूम तलावाच्या काठातूनच उकरायचा नाही, हे ट्रॅक्टरवाल्याला आधी आणि नंतर पुन्हा एकदा सांगा.

श्रमदान कधी?

झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, याचं उत्तर धानाच्या वेळापत्रकात आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी, दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस. मार्च-एप्रिलमध्ये लोक पहाटे मोहफुलं वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता. मोकळे राहतात डिसेंबरचा उत्तरार्ध, जानेवारी आणि फेब्रुवारी. तेव्हा जमीनही ना चिखल ना दगड अशी असते. दर रविवारी दोन तास, सकाळी. दिवसभराचं मोठं शिबिर एकदाच गर्दी जमवतं, रविवारची सवय काम पूर्ण करते.

इथे ती भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, आणि खेड्यात मोजलेला ट्रॅक कुठेच नसतो. वाटेवर दर १०० मीटरला दगड रोवून (पाळीवर नुसता ठेवून) त्यावर आकडा रंगवायचं कबूल करा, ८०० च्या दगडाला वेगळा रंग (तिथून परत आलं की १६००). तुम्हाला वीस धडधाकट हात मिळतात, त्यांना ट्रॅक मिळतो. शिवाय पुढे वाटेवर कोणी बाटल्या फोडू लागलं तर हटकायलाही हीच पोरं असतात.

पैशासाठी विषय ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून घ्या. वित्त आयोगाच्या निधीतून किंवा रोजगार हमीतून काय बसतं ते ग्रामसेवक सांगतील. वर्गणी काढलीत तर तिचा हिशोब देवळाच्या भिंतीवर लावा.

झाडं, पक्षी, बाकं, दिवे

झाडं पाळ सोडून, पायथ्यापासून लांब. काठाला अर्जुन, करंज, जांभूळ, कदंब, उंबर यांना ओल सोसते. मोह आणि आंबा थोडे वर. सुबाभूळ फुकट मिळालं तरी नको. खड्डे एप्रिलमध्ये, दोन फूट लांब-रुंद-खोल, म्हणजे ऊन खाऊन माती मोकळी होते. रोपं पहिला चांगला पाऊस झाल्यावर. लोखंडी ट्रीगार्डपेक्षा बोरीच्या काट्यांचं कुंपण चांगलं, कोणी विकून खात नाही. काठचं बेशरम मुळासकट काढा, नुसतं कापलं तर पडलेली फांदी पुन्हा रुजते.

मात्र सगळा काठ ‘साफ’ करू नका. लव्हाळं, देवधान, कमळ असलेला एक मोठा पट्टा तसाच ठेवा. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतात, टिटवी उघड्या जमिनीवर. अडई, जांभळी पाणकोंबडी, टिबुकली यांना लपायला आडोसा लागतो. गोंदिया जिल्ह्यात सारस आहेत आणि त्यांची घरटी पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या उथळ भागात असतात. तुमच्या तलावावर जोडी दिसत असेल तर जुलै ते ऑक्टोबर तो भाग बंद. कुत्रं सोडून फिरायला येणाऱ्यांना तर बाराही महिने बंद म्हणायला हरकत नाही.

बाकं तीन-चारच, सावलीत, साध्या दगडी फरशीची, म्हाताऱ्या माणसाला दोनशे-अडीचशे पावलांत एक सापडेल अशी. दिवे गावाकडच्या टोकाला दोन पुरेत, पाण्याच्या दिशेने झोत नको. काठाला जंगल लागून असेल तर वाट उजाडल्यावर उघडी आणि अंधाराआधी रिकामी, हे वेळापत्रक वनरक्षकाला विचारून ठरवा. अस्वल आणि बिबट्याला सोलर दिव्याचं काही वाटत नाही. कचऱ्याचा डबा रोज रिकामा करणारा माणूस ठरला असेल तरच ठेवा, नाहीतर चार दिवसांत डब्याभोवती उकिरडा होतो.

पहिला पावसाळा

उद्घाटन करायचंच असेल तर पावसाळा होऊन जाऊ द्या. जूनमध्ये नवी वाट कितीही देखणी दिसली तरी ती अजून झालेली नसते. पहिल्या मोठ्या पावसानंतर, पाऊस थांबल्यावर दोन तासांनी, छत्री आणि काठ्यांची मोळी घेऊन पूर्ण वाट चाला. जिथे पाणी साचलं आहे तिथे काठी रोवा. जिथे पाणी वाट कापून गेलं आहे तिथे दोन काठ्या. सांडवा वाहतोय का, त्यात काही अडकलंय का, ते लांबूनच बघा. दुरुस्ती लगेच करू नका, ओल्या मातीवर टाकलेलं वाया जातं. साचणाऱ्या जागांना दिवाळीनंतर मुरूम, कापलेल्या जागांना तिरपी दगडी नाली. पाळीवर पडलेल्या घळी मात्र थांबणार नाहीत, त्या त्याच आठवड्यात अभियंत्याला दाखवा.

दसऱ्यानंतर कमरेएवढं वाढलेलं गवत कापावं लागतं. ते गुरं असणाऱ्यांना फुकट नेऊ द्या, अट एवढीच की वाटेच्या दोन्ही बाजूंचा हातभर पट्टा आधी कापायचा. मजुरी वाचते. हा सौदा मात्र ग्रामसभेच्या वहीत लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी गवताचा लिलाव करायचं कोणाच्यातरी मनात येईलच.